कोशांत नांव कोणाचें यावें?

एखाद्या सरदाराची, कवीची किंवा शास्त्र्याची माहिती हवी असतां विद्यार्थी आज प्रथम केतकरांचा ज्ञानकोश किंवा चित्रावांचा चरित्रकोश काढीत नाहीं. तो हातांतील यंत्रावर नांव टंकितो आणि जें पहिलें दिसेल तें वाचतो. तें पहिलें बहुधा आंतरजालावरील 'विकिपीडिया' या ज्ञानकोशाचें पान असतें. तेथें नांव आढळलें तर तो मनुष्य होऊन गेला, न आढळलें तर तो झालाच नाहीं, अशी एक समजूत त्यामुळें नकळत रूढ होत चालली आहे. म्हणून त्या कोशांत नांव कोणत्या नियमानें शिरतें व कोणत्या नियमानें गळतें याचें परीक्षण करणें हें जुन्या कागदांत रमणाऱ्या मंडळींचेंही काम आहे असें आम्हांस वाटतें. आजवर या विषयावर जें लिहिलें गेलें तें बहुतेक वर्तमानपत्री रागालोभाचें. नियमाची ऐतिहासिक साधनांच्या दृष्टीनें तपासणी आम्हीं तरी फारशी पाहिलेली नाहीं.

हा कोश १५ जानेवारी २००१ रोजीं इंग्रजींत सुरू झाला. त्याची मराठी आवृत्ति १ मे २००३ पासूनची आहे. नोंद कोणींही लिहावी, कोणींही दुरुस्त करावी, हें त्याचें तत्त्व सर्वश्रुत आहे. परंतु एखाद्या व्यक्तीवर स्वतंत्र नोंद राहावयाची तर इंग्रजी आवृत्तींत एक कसोटी लाविली जाते. त्या व्यक्तीविषयीं एकाहून अधिक प्रसिद्ध झालेल्या, विश्वसनीय लेखनांत बऱ्यापैकीं विस्तारानें मजकूर आलेला असावा, आणि तें लेखन त्या व्यक्तीपासून व परस्परांपासून स्वतंत्र असावें. नुसता नामनिर्देश पुरत नाहीं. स्वतः, घरच्यांनीं किंवा पदरच्या माणसांनीं लिहिलेलें यांत धरलें जात नाहीं. आणि मूळ कागद वाचून नोंद लिहिणारानें स्वतः काढलेला निष्कर्ष तर मुळींच चालत नाहीं. निष्कर्ष दुसऱ्या कोणीं तरी काढून आधीं छापलेला असावा लागतो. प्राध्यापक, खेळाडू वगैरेंसाठीं पोटनियम आहेत, त्यांत शिरण्याचें येथें कारण नाहीं. प्रत्येक भाषेची आवृत्ति आपापले नियम ठरविते, त्यामुळें एकीकडे नाकारलेलें नांव दुसरीकडे सुखानें नांदतांना दिसतें.

मराठींत या कसोटीस 'उल्लेखनीयता' म्हणतात. हा शब्द आम्हांस घातक वाटतो. 'उल्लेखनीय कामगिरी' म्हणतांच शाळेच्या बक्षीससमारंभाचा वास येऊं लागतो, आणि ज्याची नोंद निघून गेली त्याच्या आप्तांस आपल्या माणसाचा अपमान झाला असें वाटतें. वस्तुतः नियम गुणाचा विचारच करीत नाहीं. ज्याच्यावर चार पुस्तकें निघालीं तो दरोडेखोर या कसोटीस उतरतो. ज्यानें पन्नास वर्षें गांवाला फुकट औषध दिलें तो वैद्य उतरत नाहीं. मनुष्य थोर कीं सामान्य हें येथें विचारलेंच जात नाहीं. त्याच्याविषयीं तिऱ्हाइतानें लिहून छापलें आहे काय, एवढेंच विचारलें जातें. 'नोंदयोग्यता' असा साधा शब्द घेतला असता तर निम्मे तंटे तेथेंच मिटते.

नोंद राहावी कीं जावी याविषयीं शंका निघाली म्हणजे इंग्रजी आवृत्तींत तिची जाहीर चर्चा होते. सामान्यतः ती सात दिवस चालते. मतें मोजण्यापेक्षां मुद्दे तोलावे असा दंडक आहे. शेवटीं कोणी एक कारभारी निर्णय देतो. येथवर गोष्ट आपल्या जुन्या गोतसभेसारखी दिसते. साक्षी पडतात, महजर होतो, निवाडा होतो. फरक पुढें आहे. नोंद काढली म्हणजे चर्चा सर्वांस वाचावयास राहते, पण काढलेला मजकूर कारभाऱ्यांवांचून इतरांस दिसत नाहीं. निवाडपत्र हातीं आहे आणि ज्या कागदावर निवाडा झाला तो मात्र दप्तरांत कुलूपबंद, अशा स्थितींत निवाड्याची परीक्षा किती अवघड होते हें ज्यांनीं वतनाचे तंटे वाचले आहेत त्यांना सांगणें नको.

जुन्या कोशकारांपुढेंही हाच प्रश्न होता, पण त्याचें रूप निराळें होतें. जनार्दन रामचंद्रजींनीं १८६० सालीं 'कविचरित्र' छापलें. रघुनाथ भास्कर गोडबोल्यांनीं १८७६ सालीं 'भारतवर्षीय प्राचीन ऐतिहासिक कोश' व १८८१ सालीं अर्वाचीन कोश काढला. पुढें सिद्धेश्वरशास्त्री चित्रावांनीं १९३२, १९३७ व १९४६ अशा तीन टप्प्यांत प्राचीन, मध्ययुगीन व अर्वाचीन चरित्रकोश पुरे केले. त्यांपैकीं एकट्या मध्ययुगीन कोशाची मर्यादा इ. स. पूर्व ३२१ पासून इ. स. १८१८ पर्यंतची आहे. एकवीसशेंहून अधिक वर्षांच्या गर्दींतून माणसें वेंचणारे असे हे पंडित. त्यांची निवड पटली नाहीं तर त्यांना पत्र लिहितां येत होतें, त्यांच्यावर टीका छापतां येत होती. चूक कोणाची हें निदान ठाऊक असे. कागद महाग, वर्गणीदार थोडे, पानें ठरलेलीं, म्हणून नांव गाळणें हा पुष्कळदां जागेचा प्रश्न असे. आंतरजालावरील कोशास कागद लागत नाहीं. तेथें नांव गळतें तें जागेअभावीं नव्हे, पुराव्याअभावीं. हा भेद लक्षांत न घेतल्यामुळें 'एवढी जागा पडून आहे तर आमच्या आजोबांना एक पान कां नाहीं?' असे प्रश्न विचारले जातात.

इंग्रजांचा 'डिक्शनरी ऑफ नॅशनल बायॉग्रफी' हा चरित्रकोश या बाबतींत पाहण्यासारखा आहे. जॉर्ज स्मिथ या प्रकाशकाच्या पैशावर लेस्ली स्टीफन यानें तो आरंभिला, आणि १८८५ पासून १९०० पर्यंत दर तिमाहीस एक खंड अशा शिस्तीनें त्याचे ६३ खंड निघाले. (त्रैमासिकाचा एक अंक वेळेवर काढतांना ज्यांची तारांबळ उडते त्यांनीं या शिस्तीस दुरूनच नमस्कार करावा.) घ्यावयाच्या नांवांच्या याद्या 'अथीनियम' पत्रांत आगाऊ छापून वाचकांच्या सूचना मागविल्या जात. इतकी दक्षता घेऊनही किती माणसें सुटलीं तें पुढें दिसून आलें. १९९३ सालीं 'मिसिंग पर्सन्स', म्हणजे राहून गेलेलीं माणसें, या नांवाचा एक स्वतंत्र खंडच काढावा लागला, आणि त्यांत हजाराहून अधिक चरित्रें आलीं.

त्या राहून गेलेल्यांत जेरार्ड मॅन्ली हॉपकिन्स हा कवि आहे. हॉपकिन्स १८८९ सालीं वारला. त्याच्या आडनांवाचा खंड १८९१ सालीं निघाला. त्यांत तो नाहीं, आणि त्या वेळीं असण्यास सबळ कारणही नव्हतें. जेझुइट पंथाचा एक पाद्री, डब्लिनमध्यें ग्रीक शिकविणारा, एवढीच त्याची जगास ओळख. कविता बहुतेक सगळ्या हस्तलिखितांत. तीं हस्तलिखितें रॉबर्ट ब्रिजेस या त्याच्या मित्रानें जपून ठेविलीं आणि कवीच्या मृत्यूनंतर २९ वर्षांनीं, १९१८ सालीं, छापून काढलीं. त्या पहिल्या आवृत्तीच्या ७५० प्रती खपावयास सुमारें दहा वर्षें लागलीं. आज एकोणिसाव्या शतकांतील इंग्रजी काव्याचा संग्रह त्यास वगळून काढण्याची कोणाची छाती होणार नाहीं. तरी राष्ट्रीय चरित्रकोशांत त्यास जागा मिळावयास १९९३ साल उजाडलें. १८९१ आणि १९१८ या दोन वर्षांच्या दरम्यान कवीनें कांहीं नवें लिहिलें नाहीं, तो तर मातीआड गेला होता. घडलें तें एवढेंच कीं एका मनुष्याच्या कपाटांतील वह्या दुसऱ्यांस वाचावयास मिळाल्या. ज्यांच्या घरीं पोथ्यांचीं कपाटें आहेत त्यांनीं या गोष्टीवर अंमळ थांबावें.

अलीकडील एक प्रकरण याहून अधिक गाजलें, आणि त्याचा अर्थही अधिक चुकीचा लाविला गेला. कॅनडांतील वॉटर्लू विद्यापीठांत पदार्थविज्ञान शिकविणाऱ्या डॉना स्ट्रिकलंड यांच्यावर नोंद व्हावी म्हणून कोणी एक मसुदा इंग्रजी विकिपीडियाकडे पाठविला. जोडलेले आधार कसोटीस पुरे पडत नाहींत असा शेरा मारून तो २०१८ च्या मे महिन्यांत नाकारला गेला. पुढें २ ऑक्टोबर २०१८ रोजीं त्यांना पदार्थविज्ञानाचें नोबेल पारितोषिक जाहीर झालें, आणि त्याच दिवशीं नोंद उभी राहिली. ज्या कामासाठीं पारितोषिक मिळालें तें लेझर किरणांसंबंधीचें काम १९८५ सालचें. त्या कामांतील त्यांचे सहकारी जेरार मूरू यांची नोंद त्या कोशांत पूर्वींपासून होती. स्ट्रिकलंड या २०१३ सालीं अमेरिकेंतील प्रकाशशास्त्राच्या मोठ्या संस्थेच्या अध्यक्षही होत्या. लोकांनीं मसुदा नाकारणाऱ्या अनामिक स्वयंसेवकास धारेवर धरलें. आमच्या मतें दोष दुहेरी होता, आणि त्यांतला मोठा भाग त्या स्वयंसेवकाचा नव्हे. नियमाच्या पोटनियमांत बसण्याइतकी पात्रता बाईंच्या अंगीं होती, ती नीट पाहिली गेली नाहीं, हा एक दोष. पण ३३ वर्षें वर्तमानपत्रांनीं, चरित्रकारांनीं आणि शास्त्रविषयक मासिकांनीं या बाईंविषयीं विस्तारानें लिहिण्याजोगें कांहीं पाहिलें नाहीं, हा दुसरा. कोश हा आरशासारखा. समोर जें नाहीं तें त्यांत दिसत नाहीं. पारितोषिकानें बाईंचें शास्त्र वाढविलें नाहीं, त्यांच्याविषयींचें छापील लेखन मात्र एका दिवसांत वाढविलें.

स्त्रियांच्या बाबतींत ही तूट केवढी आहे हें आंकड्यांवरून दिसतें. वर सांगितलेल्या इंग्रजी चरित्रकोशाच्या मूळ खंडांत स्त्रियांचें प्रमाण शेंकडा पांचाच्या आसपास होतें. २००४ सालच्या नव्या ऑक्सफर्ड आवृत्तींत तें शेंकडा दहाच्या आसपास आलें. २०१५ सालीं स्त्रियांच्या नोंदी वाढविण्याकरितां 'विमेन इन रेड' हा उद्योग विकिपीडियावर सुरू झाला, तेव्हां इंग्रजी आवृत्तींतील चरित्रांत स्त्रिया शेंकडा पंधराच्या सुमारास होत्या. त्या उद्योगाच्या नांवाचें कारण असें कीं ज्या नांवाची नोंद अद्याप झालेली नाहीं तें त्या कोशांत तांबड्या अक्षरांत दिसतें. आमच्या पोथ्यांत हिंगुळाची तांबडी शाई अध्यायसमाप्तीस आणि 'उवाच' यांसाठीं राखलेली असे, म्हणजे जें ठळक दिसावें त्यासाठीं. येथें तीच तांबडी अक्षरें रिकामी जागा दाखवितात.

आतां नियमाच्या बाजूनें जें बोलावयाचें तें बोललें पाहिजे, आणि तें आमच्या कांहीं वाचकांस कडू लागेल. नियम नसता तर काय झालें असतें याचा नमुना २०१५ सालीं मिळाला. 'ऑरेंजमूडी' या नांवानें ओळखल्या गेलेल्या प्रकरणांत इंग्रजी आवृत्तींतील ३८१ खातीं बंद करावीं लागलीं. हे लोक नाकारलेल्या मसुद्यांवर पाळत ठेवीत, ज्याचा मसुदा पडला त्यास गांठीत, पैसे घेऊन नोंद लावून देत, आणि पुढें ती टिकवून धरण्याबद्दल दरमहा पैसे मागत. जुन्या कागदांच्या जाणकारांस या व्यवहारांत कांहीं नवल वाटूं नये. १८५२ च्या अकराव्या कायद्यानें इनामांच्या चौकशीस जोर आला तेव्हां खऱ्या सनदांच्या जोडीला बनावट सनदाही पुढें आल्याच. शिक्का नवा आणि शक जुना, मायना एका कारकीर्दीचा आणि वळण दुसऱ्या कारकीर्दीचें, असले कागद ज्यानें हाताळले नाहींत असा संग्राहक विरळा. आणि कुळांचे इतिहास? आपल्याकडील छापील कुलवृत्तान्तांपैकीं पुष्कळ मोलाचे आहेत, परंतु त्यांतील मूळपुरुषाच्या पराक्रमाचें प्रकरण जशाचें तसें घेणारा संशोधक आम्हांस अजून भेटावयाचा आहे. ज्याचा लाभ आहे त्याची साक्ष एकटी धरूं नये, दुसरी तटस्थ साक्ष मागावी, हा नियम आम्ही बखरींस लावितों, करीन्यांस लावितों, कैफियतींस लावितों. तोच नियम कोणी आमच्या पणजोबांच्या नोंदीस लाविला तर रागावण्याचा अधिकार आम्हांस उरत नाहीं.

मराठी आवृत्तींत तर या नियमाची सैल अंमलबजावणीच अधिक बाधते असा आमचा अनुभव आहे. हात थोडे, तपासणारे त्याहून थोडे. म्हणून हयात पुढाऱ्यांचीं आणि समारंभी वक्त्यांचीं स्तुतिपर पानें तेथें बराच काळ तशींच राहतात. 'सुप्रसिद्ध', 'थोर', 'अष्टपैलू' हीं विशेषणें जेथें पहिल्याच ओळींत एकत्र भेटतात तेथें तटस्थ साक्षीची अपेक्षा करणें व्यर्थ आहे.

तेव्हां तटस्थ साक्ष मागणें हें योग्य. आमचा आक्षेप त्यापुढचा आहे. तटस्थ साक्ष आणि छापील साक्ष या दोन वस्तू एक नव्हेत, आणि हा नियम व्यवहारांत त्या एकच समजतो. एखाद्या परगण्याच्या देशपांड्याचें नांव तीन पिढ्यांच्या तीस मोडी कागदांत येतें असें समजा: कोठें ताकीदपत्रांत, कोठें हिशेबांत, कोठें प्रतिपक्षाच्या तक्रारींत. हे तीस कागद तीस निरनिराळ्या हातांनीं, निरनिराळ्या हेतूंनीं लिहिले. त्यांतील एकालाही त्या मनुष्याचें चरित्र लिहावयाचें नव्हतें, आणि म्हणूनच त्यांची साक्ष अधिक बळकट. संशोधकाच्या तराजूंत हें पारडें जड. पण कोशाच्या तराजूंत त्याचें वजन शून्य, कारण ते कागद छापलेले नाहींत आणि त्यांवर कोणीं निबंध लिहिलेला नाहीं. याच्या उलट ज्याचा सत्कार झाला आणि त्या सत्काराचीं वर्णनें चार पत्रांत एकाच मजकुरानें छापलीं, त्याचें पारडें प्रथमदर्शनीं तरी जड दिसतें. तीं चार वर्णनें एकाच निवेदनाच्या चार नकला आहेत हें ओळखणारा डोळा तेथें नेहमीं असतोच असें नाहीं. एका मातृकेवरून उतरलेल्या चार पोथ्या म्हणजे चार साक्षी नव्हेत, हें पाठभेद लावणारास शिकवावें लागत नाहीं.

ताराबाई शिंदे यांचें उदाहरण घेऊं. बुलढाण्याच्या या बाईंनीं लिहिलेलें 'स्त्रीपुरुषतुलना' हें पुस्तक १८८२ सालीं पुण्यास छापलें. सुरतेच्या विजयालक्ष्मी नांवाच्या विधवेवर भ्रूणहत्येचा खटला झाला, त्यावर पत्रांतून स्त्रीजातीची जी निंदा सुरू झाली तिला हें उत्तर होतें. पुस्तकाची कुचेष्टा झाली. जोतीराव फुल्यांनीं १८८५ सालच्या 'सत्सार' मध्यें बाईंची बाजू घेतली. त्यानंतर बाईंनीं दुसरें पुस्तक छापल्याचें आढळत नाहीं, आणि पहिलेंही हळूहळू लोकांच्या आठवणींतून गेलें. त्यांच्या जन्माचीं व मृत्यूचीं वर्षें अजमासानेंच सांगितलीं जातात. पुढें १९७५ सालीं स. गं. मालशे यांनीं तें पुस्तक प्रस्तावनेसह पुन्हा छापलें, आणि तेथून चित्र पालटलें. लेख निघाले, १९९४ सालीं रोझलिंड ओहॅन्लन यांचें इंग्रजी भाषांतर निघालें, आणि आज स्त्रीविषयक विचाराचा भारतीय इतिहास या नांवावांचून लिहितां येत नाहीं. आतां १९७० सालीं असा आंतरजालीय कोश असता आणि कोणीं ताराबाईंवर नोंद लिहिली असती तर ती सात दिवस टिकली असती काय? आधार म्हणून बाईंचें स्वतःचें पुस्तक, जें नियमाप्रमाणें धरावयाचें नाहीं. आणि फुल्यांचा एक पक्षपातपूर्ण म्हणतां येईल असा निर्देश. नोंद गेली असती, आणि ती काढणारानें नियम अक्षरशः पाळला असता. बाई तीच, पुस्तक तेंच; मध्यें पडला तो एका संपादकाचा उद्योग. बहिणाबाई चौधरी १९५१ सालीं वारल्या व त्यांचीं गाणीं १९५२ सालीं पुस्तकरूपानें आलीं. ज्या बाईंना अक्षरओळख नव्हती त्यांचीं गाणीं घरच्या माणसांनीं टिपून ठेविलीं नसतीं तर कोणता कोश त्यांना ओळखता?

अलिखित साक्षीचा प्रश्न याच्याही पलीकडचा. २०११ सालीं अचल प्रभला यांनीं 'पीपल आर नॉलेज' या चित्रपटांत हाच मुद्दा मांडला. जें ज्ञान कधीं छापलेंच गेलें नाहीं त्यास तोंडी साक्षीचा आधार देतां येईल काय, याचा प्रयोग भारतांत व दक्षिण आफ्रिकेंत मल्याळम, हिंदी व सेपेडी या भाषा घेऊन त्यांनीं केला. प्रयोग स्तुत्य, परंतु तोंडी साक्ष कोणीं घेतली, कोणापुढें घेतली, उलटतपासणी कोणीं केली, या प्रश्नांची सोय लागेपर्यंत ती कोशाचा पाया होऊं शकेल असें आम्हांस वाटत नाहीं. येथें अधिक बोलत नाहीं.

नियमाचा शब्द आणि नियमाचा व्यवहार यांतील अंतरही सांगितलें पाहिजे. आधार इंग्रजींतच असावा असें नियम म्हणत नाहीं, तो आंतरजालावर दिसला पाहिजे असेंही म्हणत नाहीं. ग्रंथालयांतील जुनें मराठी त्रैमासिक पूर्णपणें चालतें. परंतु नोंद तपासणारा सात दिवसांत ग्रंथालयांत जात नाहीं. तो नांव टंकून शोध घेतो, आणि शोधांत कांहीं न आढळल्यास 'आधार नाहीं' असें लिहितो. आमच्या जुन्या अंकांचीं पानें आंतरजालावर आहेत तीं बहुधा नुसतीं छायाचित्रें म्हणून. त्यांतील अक्षरें यंत्रास वाचतां येतील अशीं केलेलीं नाहींत. जेथें केलीं आहेत तेथें जुन्या छपाईंतील जोडाक्षरांचा आणि अनुस्वारांचा पार चुराडा झालेला असतो. त्यांत एकच मनुष्य एका लेखांत 'बापूजी', दुसऱ्यांत 'बापुजी', तिसऱ्यांत 'बापोजी', आणि इंग्रज कारकुनाच्या हातून चौथेंच कांहीं. 'शिंदे' आणि 'सिंदे' हे एक, हें आम्हांस दिसतें, यंत्रास दिसत नाहीं. मोडीचें तर नांवच नको. म्हणजे छापील साक्ष असूनही ती नाहींशी धरली जाते. हा नियमाचा दोष नव्हे, पण परिणाम तोच.

तर मग मागणी काय करावी? कांहीं मंडळी म्हणतात, हस्तलिखितें सरळ आधार म्हणून धरावीं. आम्हांस हें संमत नाहीं. अप्रसिद्ध रुमालाचा हवाला देणारी नोंद वाचकानें तपासावी कशी? आज खरा कागद या दारानें आंत येईल, उद्यां बनावट सनद त्याच दारानें येईल, आणि दारावर मोडी वाचणारा बसलेला नसेल. जो कागद दुसऱ्यास पाहावयास मिळत नाहीं त्याचा उपयोग मालकाच्या समाधानापुरता. राजवाड्यांनीं १८९८ पासून 'मराठ्यांच्या इतिहासाचीं साधनें' छापावयास घेतलीं तीं या एकाच कारणासाठीं. त्यांचे २२ खंड आज जो मान पावतात तो त्यांतील कागद कोणासही उघडून ताडून पाहतां येतात म्हणून. आणि संपादकाची टीका व प्रस्तावना यांसह छापलेला कागद हा कोशाच्या सध्यांच्या नियमाप्रमाणेंही निराळा ठरतो, कारण प्रस्तावनेंत तिऱ्हाइतानें केलेलें विवेचन असतें. मालशे यांनीं १९७५ सालीं जें केलें तें हेंच.

शिवाय प्रत्येकास स्वतंत्र पान हवेंच असा आग्रहही सोडावा. कृष्णाजी अनंत सभासदानें सतराव्या शतकाच्या अखेरीस जिंजीस शिवछत्रपतींचें चरित्र लिहिलें. त्याच्याविषयीं आपणांस जें ठाऊक आहे तें बहुतेक त्याच्या बखरीवरूनच. त्याचें चरित्र त्याच्या ग्रंथाच्या नोंदींत आलें म्हणून त्याची कांहीं हानि होत नाहीं. उलट तुटपुंज्या माहितीवर अंदाजांचे इमले चढविण्याचा मोह टळतो. नियमांतही अशी सोय आहे: स्वतंत्र नोंदीस जो आधार पुरत नाहीं तो दुसऱ्या नोंदींतील एका परिच्छेदास पुरतो. ज्यांनीं आपल्या गांवच्या एखाद्या टीकाकाराची किंवा कीर्तनकाराची नोंद गेल्याबद्दल तक्रार केली त्यांनीं गांवाच्या किंवा मठाच्या नोंदींत चार साधार ओळी घालून पाहिल्या आहेत काय?

सर्वांत मोठा अन्याय होतो तो लेखनिकांवर, आणि त्यास कोश कारण नसून आपण आहोंत. पोथी उतरणारा शेवटीं आपलें नांव, गांव, शक, संवत्सर, तिथि लिहून ठेवितो. जसें पाहिलें तसें लिहिलें, दोष मजकडे नसावा, अशा अर्थाचा ठराविक श्लोक घालतो. कधीं पाठ मोडल्याची आणि मान वांकल्याची तक्रारही करतो. शतकानुशतकें ग्रंथ तगले ते या माणसांच्या हातांवर. पण आपल्या हस्तलिखितांच्या छापील याद्या काढून पाहाव्या: ग्रंथाचें नांव, कर्ता, पत्रसंख्या, पूर्ण कीं अपूर्ण, एवढें झालें कीं नोंद संपते. लेखनिकाचें नांव पुष्कळ ठिकाणीं नाहींच. एकाच हाताच्या पोथ्या तीन निरनिराळ्या संग्रहांत विखुरल्या असतील, त्या एकत्र मांडल्या तर एका मनुष्याचें चाळीस वर्षांचें काम, त्याचा प्रवास, त्याचे आश्रयदाते, त्याच्या वळणांत पडलेला फरक, हें सगळें उभें राहील. परंतु नांवच छापलेलें नाहीं तेथें मांडणार कोण? अशा मनुष्याची नोंद कोणत्याही कोशांत होणें शक्य नाहीं, आणि ती नाकारणारास बोल लावण्यांतही अर्थ नाहीं.

या त्रैमासिकांत हस्तलिखितांच्या परिचयाचीं टिपणें येतात त्यांत यापुढें लेखनिकाचें नांव, गांव, कोणासाठीं लिहिलें तें, आणि समाप्तीचा सबंध मजकूर अक्षरशः द्यावा, अशी आमची लेखकांस सूचना आहे. शक इसवींत फिरवून दिला तरी मूळ शक व संवत्सर गाळूं नये. नांवाचें मूळ रूप आहे तसें ठेवून शेजारीं आजच्या लेखनाप्रमाणें द्यावें, म्हणजे शोधणारास सांपडेल. ज्यांच्या संग्रहीं एकाच हाताच्या दोन किंवा अधिक पोथ्या आहेत त्यांनीं त्यांच्या समाप्तीच्या पानांचीं छायाचित्रें पाठविल्यास तीं एकत्र छापण्याची तजवीज करतां येईल. मालकाचें नांव प्रसिद्ध न करण्याची इच्छा असल्यास तसें कळवावें.